कडूबांचा परवाना

कडूबा हिवराळ्यांकडे बंदूक आहे हे कल्याणीला कळलं, तेव्हा ती त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी खात बसली होती.

"तुझी एक सही पाहिजे," कडूबा म्हणाले. "फॉर्मवर आणि फोटोच्या मागं."

"पासपोर्टचा फॉर्म का, काका?"

"नाही गं. शॉटगनचा परवाना. रिन्यू करायचा आहे."

घास तिच्या हातातच राहिला. जन्मल्यापासून ती या घरात येत होती. जिन्याखाली काय आहे, माळ्यावर काय आहे, फ्रीझरमधल्या कुठल्या आइस्क्रीमच्या डब्यात वाटलेलं खोबरं-लसूण आहे, तिला सगळं ठाऊक होतं. बंदूक ठाऊक नव्हती.

"खरी गन?"

"खोटीला कोण परवाना देईल?"

भीमाबाई तव्याशी उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

इंग्लंडात बंदूक कुणाच्या हक्काची नसते. ती मागावी लागते. पोलीस घरी येतात, भिंतीला पक्कं केलेलं लोखंडी कपाट बघतात, माणूस कसा आहे ते बघतात. अर्जावर आणखी एका प्रतिष्ठित माणसाची सही लागते. मी यांना ओळखतो, यांच्या हाती बंदूक देऊ नये असं काही माझ्या माहितीत नाही, असं त्यानं लिहून द्यायचं. मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलं होतं. डॉक्टर निवृत्त होऊन स्पेनला गेले. कल्याणी इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन कॉव्हेंट्रीतल्याच एका शाळेत शिकवत होती. म्हणजे तीही आता प्रतिष्ठित होती. हे तिच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाला, त्या वर्षी ती सतरा वर्षांची होती. पिस्तुलांवर बंदी आणा म्हणून तिनं दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या होत्या. दोन सह्या याच घरातल्या होत्या. कडूबांनी चष्मा लावून, सगळं वाचून, निमूट सही केली होती.

"विचार करून सांगते, काका."

"कर. शिकलेली आहेस, विचार तर करणारच."

कडूबा मूळचे जालन्याकडचे. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. सहासष्ट साली इकडं आले, मोटारींच्या कारखान्यात लागले आणि तो बंद पडेपर्यंत तिथंच राहिले. भीमाबाई एका शाळेच्या किचनमध्ये होत्या. मुलगा राजीव लंडनजवळ हाउन्सलोला, विमानतळावर मालाच्या कामाला. कडूबा विहारात वंदनेला पहिल्या रांगेत बसत. भाषण कधी करत नसत. कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला पहिले आणि उचलायला शेवटचे. त्यांच्याबद्दल लोक एवढंच बोलत, की माणूस भरवशाचा आहे. याहून जास्त बोलण्यासारखं त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. निदान कल्याणीचा तसा समज होता.

बंदुकीचं मूळ कारखान्यात होतं. शेजारच्या मशीनवर डेनिस नावाचा गोरा होता. त्याला नेमबाजीचा नाद. पिस्तुलांवर बंदी आली, तेव्हा त्यानं शिव्या देत आपलं पिस्तूल पोलिसांकडं जमा केलं आणि गावाबाहेरच्या एका क्लबात दुनळी घेऊन जायला लागला. तिथं यंत्रातून मातीच्या चकत्या हवेत उडतात. त्या फोडायच्या. एकदा तो कडूबांना घेऊन गेला. पहिल्याच दिवशी त्यांनी निम्म्याहून जास्त चकत्या फोडल्या. दोन वर्षांनी डेनिस गेला. जाताना बंदूक कडूबांना ठेवून गेला. ती घ्यायची तर परवाना हवा, म्हणून परवाना आला.

हे सगळं भीमाबाईंनी तिला दाराशी निरोप देताना सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण हिवाळा लागल्यापासून तिकडं गेलेच नाहीत."

"मग रिन्यू कशाला करायचंय?"

"ते मला कोण सांगतं?"

घरी जाताना बसमध्ये कल्याणीच्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस चकत्या फोडायला जात नाही, त्याला बंदूक कशाला हवी?

विहार म्हणजे एका जुन्या शाळेचा हॉल, रविवारी सकाळपुरता भाड्यानं घेतलेला. वंदना झाली, चहा आला आणि विषय निघाला. मागच्याच्या मागच्या नववर्षाला बर्मिंगहॅममध्ये पार्टीबाहेर दोन मुली गोळीबारात गेल्या होत्या. लोक अजून त्यावर बोलत.

उदय वकील होता. चळवळीतला, तोंडाचा पट्टा चालणारा. "कायदा कडक पाहिजेच," तो म्हणाला. "पण एक लक्षात घ्या. याच इंग्रजांनी आपल्या लोकांना फौजेत घेतलं, लढवलं. आणि एक दिवस सांगितलं, तुम्ही फौजेच्या लायकीचे नाही. हातातलं हत्यार काढून घेतलं की माणसाची मान खाली जाते."

"मग काय घराघरात बंदुका वाटायच्या का, उदयराव?"

"मी तसं म्हटलं नाही."

"आणि आत्ताच पंचशील म्हटलं त्याचं काय? प्राणिहिंसा?"

"कडूबाकाका चकत्या फोडतात. चकतीला प्राण नसतो."

लोक हसले. कडूबा त्या दिवशी आले नव्हते. कल्याणीनं उदयला कार पार्कमध्ये गाठलं.

"उदयदादा, तुला काकांच्या गनचं माहीत होतं?"

"सही मीच करणार होतो."

"मग?"

"नाही केली."

"का पण?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "एका आठवड्यात दोनदा आले. पहिल्यांदा मी हो म्हणालो होतो, कल्याणी. तरी दुसऱ्यांदा येऊन पुन्हा पहिल्यापासून विचारलं. एवढी घाई कसली? आणि त्यांच्या गाडीचा आरसा पोरांनी फोडला ना, तेव्हा काय म्हणाले माहितीय? एकेकाला बघून घेतो."

"काका असं म्हणाले?"

"माझ्यासमोर. उद्या काही झालं तर सही कुणाची? माझी प्रॅक्टिस आहे, बाई."

"आत तर हत्यार आणि मान असं लेक्चर देत होतास."

"लेक्चर वेगळं, सही वेगळी," उदय म्हणाला आणि गाडीत बसला.

तेव्हापासून कल्याणी कडूबांकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागली. ते तिला आवडत नव्हतं, पण थांबवताही येत नव्हतं. शाळेच्या सत्रामधल्या, हाफ टर्मच्या सुट्टीत ती दोन-तीनदा गेली. एकदा ते मागच्या बागेत होते. थंडीत, स्वेटरवर कोट न घालता, एकेक कुंडी उचलून खाली बघत होते.

"काय शोधताय, काका?"

"गोगलगाई," ते म्हणाले. फेब्रुवारी चालला होता; गोगलगाई निघायला अजून अवकाश होता.

दुसऱ्यांदा रेडिओ मोठ्यानं लावलेला. घरात चोर शिरला तर मालकानं त्याला किती मारावं, यावर वाद चालू होता. फोनवरचा कुणी म्हणत होता, माझं घर, माझा हक्क. कडूबा मान हलवत होते. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळेना. तेवढ्यात बाहेर पोरांचा आवाज आला आणि ते उठून पडद्याआडून बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

भीमाबाई तिला कपडे वाळत घालायच्या निमित्तानं बाहेर घेऊन गेल्या.

"दुपारी मी पडले ना, की हे घरभर हिंडतात. पिठाचा डबा उघडतात. माझी पेटी उघडतात. मी डोळे मिटून पडते, पण ऐकू येतं मला. मग येऊन माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात."

"काही बोलतात?"

"कपाट उघडलंस का, म्हणतात. मी कशाला उघडू?"

कल्याणीला रात्री झोप लागली नाही. शाळेचं गेट सकाळी कुलूपबंद होतं, तेव्हा मुलं सुरक्षित आहेत असं तिला वाटायचं. इथं कुलूप होतं, कपाट होतं, कायदा होता, आणि तरी भीती वाटत होती. कुणाची, हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्या पोरांची? भीमाबाईंची? की कडूबांनी स्वतःलाच काही केलं तर, याची?

शेवटी तिनं सरळ विचारलं.

"काका, तुम्ही क्लबला जात नाही. मग गन का हवी आहे?"

कडूबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बंदूक गेली तर गेली," ते म्हणाले. "परवाना जायला नको."

"म्हणजे?"

"आमच्या गावात बंदूक एकच. पाटलाची. तिची एकदा चोरी झाली. पहिली झडती आमच्या वस्तीची. माझ्या बापाला चावडीपुढं उन्हात बसवलं. संध्याकाळी बंदूक पाटलाच्या भाच्याकडं सापडली. बापाला म्हणाले, जा घरी. एवढंच." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "इथं डेनिसच्या बंदुकीला अर्ज केला, तेव्हा साहेब आला, या खुर्चीवर बसला. सगळं विचारलं. बायकोशी भांडता का, दारू पिता का. शेवटी म्हणाला, मिस्टर हिवराळे, मला काही अडचण दिसत नाही. पोलीस, गं. माझ्या घरात बसून."

कल्याणी खाली मान घालून बसली. मग तरी म्हणाली, "मला बघायची आहे, काका. सही करायच्या आधी."

"का नाही? बस. किल्ली आणतो."

ते वर गेले. वरच्या लाकडी जमिनीवर त्यांची पावलं वाजत राहिली. या खोलीत, त्या खोलीत, पुन्हा या खोलीत. ड्रॉवर उघडले, मिटले. भीमाबाई पीठ मळत होत्या. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. कडूबा खाली आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आज नको," ते म्हणाले. "आज मूड नाही."

दाराशी मात्र त्यांनी तिचं मनगट धरलं. "एक सांगतो, कुणाला बोलू नको. तुझी काकू किल्ली चोरते."

"काकू?"

"मी एका जागी ठेवतो. ती तिथं नसते. मग दोन दिवसांनी असते. कोण करतं हे? घरात आम्ही दोघंच."

तेव्हा कल्याणीला कळलं. कुंड्या, पिठाचा डबा, उदयकडच्या दोन खेपा. पडद्याआडून बघणं तेवढं कळलं नाही, पण बाकीचं कळलं. किल्ली कुठं आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक असता कामा नये, बायकोलाही नाही, असा नियम. कडूबांनी तो तंतोतंत पाळला होता. नवनवीन जागी किल्ली लपवली होती. आणि आता ती जागा माहीत असलेला एकुलता एक माणूस जागा विसरत होता.

की तसं नव्हतंच? काकू खरंच घेत असतील तर?

दुसऱ्या दिवशी कडूबा लायब्ररीत गेल्याचं बघून ती आली.

"काकू, किल्ली तुमच्याकडं आहे?"

"माझ्याकडं कशी असंल? मला सांगत नाहीत ते. लग्नाला चाळीस वर्षं झाली. या घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या माझ्या जुडग्यात. एक तेवढी नाही." त्यांनी कमरेचा जुडगा चाचपला.

"ते बरोबरच आहे, काकू. लॉच आहे तो. दुसऱ्या कुणाकडं किल्ली असली, तर पोलीस लायसन्स काढून घेतात."

"बंदूकपण?"

"बंदूकपण."

"लगेच? की कोर्टात वगैरे जावं लागतं?"

"लगेच नेतात."

"त्याच दिवशी?"

"हो, काकू. म्हणून सांगते, चुकूनही हात लावू नका."

"नाही बाई," भीमाबाई म्हणाल्या. "मी कशाला लावू?"

"काकू, काका विसरतात का हल्ली?"

भीमाबाईंनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "कोण म्हणतं? राजीवला काही बोललीस का?"

"नाही."

"मग बोलू नको. भरवशाचा माणूस आहे. साऱ्या समाजाला ठाऊक आहे."

शनिवारी कडूबांचा फोन आला. आवाज तरुण झाला होता. "ये. दाखवतो."

तिच्यासमोर त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली, वरच्या खोलीत वॉर्डरोबच्या आत भिंतीला बसवलेलं लोखंडी कपाट उघडलं, दुनळी बाहेर घेतली. ती बिजागरीवर उघडून आत काडतूस नाही हे आधी स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं. नळीवर तेलाचा बारीक हात होता. लाकडी दस्ता डेनिसच्या गालानं गुळगुळीत झालेला. कडूबांचे हात थरथरत नव्हते. डेनिस काय शिव्या द्यायचा, कुठल्या हंगामात कोण जिंकलं, सगळं त्यांना आठवत होतं. एका गोष्टीतही ते अडखळले नाहीत.

"आणि दुसरी किल्ली, काका? कपाटाला दोन असतात ना?"

"ती हरवली. कपाट बसवलं त्याच दिवशी. मेकॅनिकनं पाडली असंल."

कल्याणीला स्वतःची लाज वाटली. सहा आठवडे ती या माणसावर पाळत ठेवून होती. चावडीपुढं बसवणाऱ्यांत आणि तिच्यात फरक तो काय? तिनं फॉर्म घेतला आणि सही केली. फोटोच्या मागंही केली. बसमध्ये बसल्यावर मात्र तिला वाटलं, हात थरथरत नाहीत याचा आणि डोक्याचा काय संबंध?

मार्चमध्ये तपासणीचा साहेब यायचा होता. कडूबांनी तिला बोलावून घेतलं. "तू अस. तुझ्या काकूला त्यांचं इंग्लिश कळत नाही."

हे खोटं होतं. भीमाबाईंनी गोऱ्या पोरांना वीस वर्षं जेवण वाढलं होतं. त्यांना पुरेसं कळायचं. पण कल्याणी आली.

साहेब पोलिसातून निवृत्त झालेला, मऊ बोलणारा. बूट दाराशी काढले. चहा घेतला, चिवडा घेतला, चिवडा तिखट आहे म्हणाला आणि पुन्हा घेतला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग म्हणाला, "कपाट बघू या का?"

"किल्ली घेऊन येतो," कडूबा म्हणाले. किल्ली कुठं असते हे साहेबानंही बघू नये म्हणून ते एकटेच वर गेले. साहेबाला ते आवडलेलं दिसलं.

पावलं वाजू लागली. या खोलीत, त्या खोलीत. ड्रॉवर. कपाटाचं दार. काहीतरी खाली पडलं. साहेब चहाच्या कपात बघत होता. कल्याणीनं हवामानाचा विषय काढला. तो संपला. वरती पावलं थांबली आणि मग काहीच ऐकू येईना. ते ऐकवत नव्हतं.

भीमाबाई उठल्या. पदर सावरला. कमरेचा जुडगा सोडवला, त्यातली एक किल्ली वेगळी करून साहेबापुढं टेबलावर ठेवली.

"कपाट," त्या म्हणाल्या.

साहेबानं किल्लीकडं पाहिलं, मग कल्याणीकडं. "यांना विचारा, ही यांच्याकडं कधीपासून आहे."

"काकू, ते विचारतात..."

"पहिल्या दिवसापासून. सांग त्यांना."

"काकू."

"सांग. घरातल्या सगळ्या किल्ल्या बाईकडं असतात आमच्यात. सांग."

तिनं सांगितलं. कडूबा तोवर जिन्यात आले होते. हात रिकामे होते. त्यांनी टेबलावरची किल्ली पाहिली आणि क्षणभर त्यांचा चेहरा अगदी मोकळा झाला, हरवलेलं सापडल्यासारखा. मग त्यांना समजलं.

"साहेब, तिला कायदा माहीत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "गावाकडची आहे. तिला कुणी सांगितलं नाही."

साहेबानं भीमाबाईंकडं पाहिलं. भीमाबाईंनी कल्याणीकडं पाहिलं. कल्याणी गप्प राहिली.

"मी अडाणी बाई," भीमाबाई मराठीत म्हणाल्या. "मला काय कळतं?"

साहेब फार सभ्यपणे वागला. बंदूक तपासली, कापडी खोळीत घातली, पावती दिली, वाईट वाटतं म्हणाला. वरच्या खोल्यांत बाहेर ओढलेले ड्रॉवर त्यानं पाहिले असतील. त्याबद्दल तो बोलला नाही. तो गेल्यावर कडूबा बायकोवर असे बरसले, की कल्याणीनं त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. भीमाबाई कपबशा विसळत राहिल्या.

कल्याणी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "काकू, तुम्हाला तर मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"लॉबद्दल. त्याच दिवशी नेतात म्हणून."

"मला नाही आठवत, बाई," भीमाबाई म्हणाल्या आणि तिच्या हातात पुसायला कप दिला.

कडूबांची स्वतःची किल्ली त्या दिवशी सापडली नाही. नंतरही नाही. ती ते विसरले होते की कुणी हलवली होती, हे कल्याणीला कधीच कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

पुढच्या रविवारी विहारात बातमी आधीच पोचली होती. कडूबा पहिल्या रांगेत होते. चहाच्या वेळी लोकांनी त्यांना घेरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते चारचौघांत गोष्ट सांगू लागले. "साहेब म्हणाला, मिस्टर हिवराळे, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पण तुमच्या मिसेसनं घोटाळा केला. पहिल्या दिवसापासून किल्ली कमरेला लावून हिंडतेय ही."

सगळे हसले. "काकू, पोलिसांचं काम सोपं केलंत तुम्ही," उदय म्हणाला.

"मग काय करता, शिकलेली नाही मी," भीमाबाई म्हणाल्या. त्याही हसत होत्या. ताटलीतले पेढे सगळ्यांपुढं फिरवत होत्या. कुणी म्हणालं, कडूबा, तुमचा संसार म्हणजे कमाल आहे. कडूबांनी मान डोलावली. त्यांची मान ताठ होती.

कल्याणी भिंतीला टेकून हे बघत होती. तिच्या हातातला चहा निवून गेला होता.

लोक पांगले. उदय खुर्च्या उचलायला लागला, तसे कडूबा त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला.

"अरे उदय, तुला एक गंमत सांगायची राहिली. माझ्याकडं तो साहेब आला होता ना..."

उदयचे हात थांबले. त्यानं कडूबांकडं पाहिलं, मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या भीमाबाईंकडं.

"ऐक ना, भाऊ," भीमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सांगतायत तर ऐक."

उदयनं खुर्ची खाली ठेवली. "सांगा काका," तो म्हणाला. "काय झालं?"